सातासारखा 'आणि'

डब्लिनला आल्यावर पहिल्याच महिन्यात माझी फजिती झाली ती एका पार्किंगच्या पाटीपायी. गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि पाटी वाचायला गेलो. इंग्रजी मजकूर एका झाडाच्या फांदीआड गेला होता, दिसत होता तो फक्त आयरिश: "ईक ⁊ तश्पान". मधला तो इंग्रजी सातचा आकडा सोडला तर काही कळायला मार्ग नव्हता. मनाशी म्हटलं, सात म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत पैसे भरायचे असणार. आपला सावध मध्यमवर्गीय स्वभाव! सातपर्यंतचे पैसे यंत्रात टाकले, चिठ्ठी काचेमागे ठेवली आणि निघालो.

ऑफिसात गॉलवेकडचा एक सहकारी आहे, घरी आयरिश बोलणारा. त्याला हे सांगितलं तर तो खुर्चीवरून पडायचाच काय तो बाकी राहिला. "अरे, तो सात नव्हे, तो 'आगस' आहे!" आगस म्हणजे आणि. पाटीचा अर्थ एवढाच, 'पैसे भरा आणि (चिठ्ठी) दाखवा'.

मग हा 'सात' मला जिथे तिथे दिसायला लागला. फुटपाथवरच्या लोखंडी झाकणांवर 'पी ⁊ टी', जुन्या टपालपेट्यांवर 'पी ⁊ टी'. आपल्या पोस्ट आणि तार खात्यासारखं इथेही एक खातं होतं. १९८४ साली त्याचे दोन तुकडे झाले, पण झाकणं आणि पेट्या तशाच राहिल्या. (इथल्या टपालपेट्या हिरव्या असतात. १९२२ साली इंग्रज गेल्यावर त्यांच्याच तांबड्या पेट्यांना हिरवा रंग फासला. रंगाखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं अजून हाताला लागतात. काटकसरीत आयरिश लोक आपले चुलतभाऊ शोभतात.)

या खुणेचं वय दोन हजार वर्षांच्या वर आहे. रोमन वक्ता सिसेरो याचा टायरो नावाचा गुलाम होता, पुढे सिसेरोने त्याला मुक्त केलं. मालकाची भाषणं वेगाने उतरवून घेण्यासाठी टायरोने लघुलिपीच्या खुणा बसवल्या अशी परंपरा आहे. त्यांतली लॅटिन 'एत्', म्हणजे 'आणि' या शब्दाची ही खूण. बाकीच्या युरोपात मध्ययुगानंतर ती मागे पडली, आयर्लंडमध्ये मात्र टिकली. आणि गंमत अशी की इथल्या लेखकूंनी खूण लॅटिनची घेतली पण वाचताना शब्द आपला वापरला. लिहायचं लॅटिनचं 'एत्', म्हणायचं 'आगस'. आपण नाही का 'ता. क.' लिहितो, 'सा. न. वि. वि.' लिहितो आणि वाचताना अख्खं 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' म्हणतो, त्यातलाच प्रकार.

आता मी पडलो संगणकवाला. खूण दिसली की ती कोणी, कशासाठी आणि कुठल्या तळावर बसवली हे खाजवल्याशिवाय मला झोप येत नाही. त्यातून त्या दिवसांत मी माझी सगळी टिपणं एका नव्या पद्धतीने लिहायला घेतली होती, त्याचं कारण पुढे येईलच. ही पद्धत तुमच्यापैकी बहुतेक जण नकळत वापरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा टाकला की शब्द ठळक होतो, ही सोय २०१६ पासून आहे. माझे एक काका रोज सकाळी '* शुभ सकाळ *' पाठवतात, पण ताऱ्यानंतर जागा सोडतात, त्यामुळे ठळक काहीच होत नाही, नुसते तारे चमकतात. पण एक बघा, काकांना काय म्हणायचंय ते तरीही कळतं. हे शब्द जोरात म्हटले आहेत, एवढं त्या ताऱ्यांवरून समजतं.

नेमकं हेच तत्त्व धरून २००४ साली जॉन ग्रूबर या अमेरिकन माणसाने 'मार्कडाउन' नावाची पद्धत बसवली. तिची वाक्यरचना ठरवताना मदतीला होता आरन स्वार्ट्झ, तेव्हा वय वर्षं फक्त सतरा. ओळीच्या सुरुवातीला # टाकला की मथळा, बाजूने तारे टाकले की जोर, ओळीआधी आडवी रेघ टाकली की यादीतला एक मुद्दा. वेगळी बटणं नाहीत, उंदीर हातात घ्यायला नको, लिहिता लिहिता त्याच हाताने खूण करायची. आणि ग्रूबरचा आग्रह असा की सजवणारं सॉफ्टवेअर नसलं तरी उघडा मजकूर माणसाला सुखाने वाचता आला पाहिजे. त्याने हे शून्यातून काढलं नव्हतंच. लोक ई-मेलमध्ये वर्षानुवर्षं अशा खुणा करत होते, त्याने त्यांना नियम लावले. आज टिपणं काढायची बहुतेक ॲप्स या खुणा ओळखतात.

तर हे डोक्यात आणि तो सात डोळ्यांपुढे, अशा अवस्थेत मी जेवणाच्या सुट्टीत भटकायला लागलो. डब्लिनची एक सोय आहे. किल्डेअर स्ट्रीटवर राष्ट्रीय संग्रहालय, शेजारच्या डॉसन स्ट्रीटवर रॉयल आयरिश अकादमी आणि चार पावलांवर ट्रिनिटी कॉलेज. तिन्ही मिळून दहा मिनिटांची चाल. तेवढ्यात तेराशे-चौदाशे वर्षांचा टिपणांचा इतिहास गोळा झालेला आहे.

सुरुवात करू या धूळपाटीपासून. १९१४ साली अँट्रिम परगण्यात स्प्रिंगमाउंट नावाच्या दलदलीत पाट्यांचा एक जुडगा सापडला. इथे दलदलीतली पीट नावाची माती कापून, वाळवून चुलीत जाळतात, आणि त्या मातीत शेकडो वर्षं लाकूड कुजत नाही. यू झाडाच्या लाकडाच्या सहा पाट्या, आतून कोरून मेण भरलेल्या, पुस्तकासारख्या एकत्र बांधलेल्या. मेणावर टोकदार सळईने लॅटिन स्तोत्रं लिहिलेली, क्रमांक ३० ते ३२. काळ साधारण इसवी सन ६०० च्या आसपासचा मानतात. आपल्याकडची पोरं धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवत, पुसत, पुन्हा गिरवत. तशीच ही मेणपाटी, मेण सपाट केलं की पुन्हा कोरी. हा संच आता राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. कोण्या शिकाऊ भिक्षूचा तो 'टॅबलेट' आणि स्तोत्रं हा त्याचा गृहपाठ, असं आपलं मला वाटतं.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं कौतुक होईल. त्या काळी लॅटिन लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नसत. सगळी अक्षरं सलग, आगगाडीच्या डब्यांसारखी. इटलीतल्या किंवा गॉलमधल्या माणसाला ते चालून जाई, कारण लॅटिन किंवा तिचीच लेक असलेली बोली त्याच्या घरात होती. तो मोठ्याने वाचायचा, आणि कानाला शब्द कुठे तुटतो ते कळायचं. पण आयर्लंडवर रोमनांचं राज्य कधीच नव्हतं. इथली भाषा वेगळ्या घराण्यातली. ख्रिस्ती धर्म आला, बरोबर लॅटिन पोथ्या आल्या, आणि इथल्या भिक्षूंना ती भाषा व्याकरणाच्या पुस्तकातून, नाम-सर्वनाम-क्रियापद घोकत शिकावी लागली. कानाचा आधार नाही म्हटल्यावर डोळ्याचा आधार शोधला. सातव्या-आठव्या शतकात आयरिश लेखकूंनी शब्दाशब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली. इथून ती चाल इंग्लंडात गेली आणि पुढच्या तीन-चारशे वर्षांत युरोपभर. पॉल सेंगर नावाच्या अभ्यासकाने १९९७ साली यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की मनातल्या मनात वाचायची सवय पसरली ती या मोकळ्या जागांमुळे. सगळ्यांना ते पटत नाही, पण जागा सोडण्याचं श्रेय आयरिशांना द्यायला फारशी कोणाची हरकत नाही.

कळफलकावरची सगळ्यात लांब पट्टी कोणाची देणगी, हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

खुद्द अकादमीत सर्वांत जुन्या आयरिश पोथ्यांपैकी एक आहे, 'काहाख'. सहाव्या शतकाच्या शेवटची किंवा सातव्याच्या सुरुवातीची, स्तोत्रांची पोथी, ५८ पानं उरली आहेत. परंपरा सांगते की ती संत कोलंबाने स्वतःच्या हाताने लिहिली. त्याने गुरू फिनियनची पोथी गुपचूप उतरवून घेतली, गुरूने प्रतीवर हक्क सांगितला, आणि राजाने निकाल दिला की वासरू जसं गायीच्या मालकाचं तशी नक्कल मूळ पोथीच्या मालकाची. त्यावरून म्हणे ५६१ च्या सुमारास लढाई झाली. काहाख म्हणजे लढवय्या. पुढे ओडॉनेल घराणं ही पोथी लढाईत बरोबर नेत असे. ही कथा कितपत खरी ते संतांनाच ठाऊक.

मला त्या पोथीत रस वाटला तो वेगळ्याच कारणाने. प्रत्येक स्तोत्राचं पहिलं अक्षर खूप मोठं, दुसरं त्याहून लहान, तिसरं आणखी लहान, असं उतरत उतरत अक्षर मूळ मापावर येतं. 'इथे नवं प्रकरण सुरू होतं' हे सांगायची ही युक्ती; मार्कडाउनमधल्या # चा पणजोबाच म्हणा. आणि त्याच पोथीत तारे आहेत! म्हणजे आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्या ताऱ्याचे पूर्वज. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात अरिस्टार्कस नावाचा पंडित होमरची काव्यं तपासताना समासात अशा खुणा करी. पुढे ख्रिस्ती पंडितांनी त्या उचलल्या. संत जेरोमने स्तोत्रांचं लॅटिन भाषांतर तपासलं तेव्हा हिब्रूत आहे पण ग्रीकमध्ये नाही अशा मजकुरापाशी तारा घातला आणि ग्रीकमध्ये आहे पण हिब्रूत नाही त्यापाशी आडवी रेघ. थोडक्यात तारा म्हणजे 'इथे उणं होतं, भर घातली' आणि रेघ म्हणजे 'हे जास्तीचं आहे'. जेरोमच्या पोथ्या पुन्हा पुन्हा उतरवताना बऱ्याच लेखकूंनी या खुणा गाळून टाकल्या. त्यांना त्या कशासाठी हेच कळेना. काहाखमध्ये त्या उरल्या.

चुका सुधारायच्या खुणा तर आणखी मजेशीर. चामड्यावर लिहिलेलं खोडून काढायचं म्हणजे चाकूने खरवडायचं, पान बिघडायची भीती. म्हणून चुकलेल्या अक्षराच्या वर किंवा खाली एक टिंब द्यायचं. टिंब दिसलं की वाचणाऱ्याने ते अक्षर गाळायचं. आपले पोथ्या लिहिणारे हरताळ फासत, म्हणून तर 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग, आणि राहिलेलं अक्षर घालायला कावळ्याच्या पावलासारखी खूण, काकपद. ट्रिनिटीतल्या 'बुक ऑफ केल्स'मध्ये (साधारण सन ८००) लेखकूने अख्ख्या पानाचा मजकूर चुकून दोनदा लिहिला. तेव्हा ते महागडं पान फाडायचं जिवावर आलं असणार. समासात सुबक तांबडे क्रूस काढून मोकळे झाले. त्याच पोथीत ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर उरलेली अक्षरं वरच्या किंवा खालच्या ओळीतल्या रिकाम्या जागी बसवलेली आहेत आणि तिथे एखादा चिमुकला प्राणी 'इकडे बघा' म्हणून बसवून ठेवला आहे. आयरिश लेखकूंत या खुणेचं नाव 'पंखाखाली डोकं'. झोपलेलं पाखरू डोळ्यापुढे आणा म्हणजे नाव पटेल.

पण त्या गाळायच्या टिंबाची कथा इथे संपत नाही. आयरिश भाषेत काही ठिकाणी शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं. 'फ' मऊ झाला की पूर्ण गडप, ऐकूच येत नाही, 'स' मऊ झाला की नुसता 'ह' उरतो. लेखकूंनी विचार केला, अक्षर लिहायचं तर आहे, पण म्हणायचं नाही; मग आपलं गाळायचं टिंब आहेच की! दिलं डोक्यावर. पुढे हळूहळू ब, क, द, ग सगळ्याच व्यंजनांवर ते चढलं आणि 'मऊ उच्चार' अशी त्याची कायमची नेमणूक झाली. चूक दाखवणारी खूण अशी भाषेच्या शुद्धलेखनात शिरली. विसाव्या शतकात टंकलेखन यंत्रं आणि साधे रोमन ठसे आले. टिंब टाकणं अवघड, म्हणून टिंबाऐवजी अक्षरापुढे रोमन 'एच' लिहायला लागले. आज आयरिश शब्दांत जो 'एच'चा सुळसुळाट दिसतो तो यामुळे. गॉलवेवाल्या सहकाऱ्याची आजी म्हणे शेवटपर्यंत टिंबंच देत असे आणि नातवंडांची 'एच'ने भरलेली पत्रं बघून नाक मुरडत असे.

हे ऐकताना मला माझी आजी आठवली. तिच्या पत्रात 'नांव', 'गांव', 'कांहीं' असायचं. १९६२ च्या नियमांनी आपले न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण तिच्यापुरते गेले नाहीत. दोन आज्या, दोन टोकांना, टिंबांसाठी अडून बसलेल्या. असो.

या सगळ्यांत मला सगळ्यात जवळची वाटलेली पोथी मात्र डब्लिनमध्ये नाही. ती स्वित्झर्लंडमध्ये सांक्ट गालेनच्या मठात आहे, क्रमांक ९०४. (हा मठ ज्याच्या नावाचा, तो गाल हा संत आयर्लंडहून आलेल्या भिक्षूंच्या टोळीतला.) घरबसल्या आंतरजालावर तिची पानं उघडता येतात. प्रिशियनचं लॅटिन व्याकरण, ८५० च्या आसपास आयरिश भिक्षूंनी उतरवलेलं. मजकुराच्या ओळींमध्ये आणि समासात बारीक अक्षरांत नऊ हजारांच्या वर टिपणं, त्यांतली सुमारे साडेतीन हजार जुन्या आयरिश भाषेत. आणि शब्दांच्या वर टिंबं, रेघा, छोटी चिन्हं. आधी मला ती शाईचे शिंतोडे वाटली. मग कळलं, ज्या दोन शब्दांवर एकसारखी खूण ते दोन शब्द एकमेकांचे. लॅटिनमध्ये विशेषण एका टोकाला आणि नाम दुसऱ्या टोकाला असं सर्रास चालतं, त्यांची गाठ या खुणांनी मारलेली. काही ठिकाणी शब्द कुठल्या क्रमाने घ्यायचे तेही दाखवलेलं. १९५७ साली मार्ट्ये द्राक या डच विदुषीने या खुणांची रीत उलगडून दाखवली.

आठवीत संस्कृत घेतलेल्यांनी आता हात वर करा! श्लोकाचा अन्वय लावताना आपण शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे टाकायचो की नाही? माझं पुस्तक तर आकड्यांनी इतकं भरलेलं होतं की ते पुढच्या वर्षी अर्ध्या किमतीत विकायला गेलो तर मुलं जास्त पैसे द्यायला तयार झाली. अकराशे वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड मठात एक मुलगा परकी भाषा शिकताना अगदी तेच करत होता. त्या पोथीत एका ठिकाणी समासात ओघम लिपीत एकच शब्द खरडलेला आहे. ओघम म्हणजे एका सरळ रेघेवर आडव्या-तिरप्या काड्या काढून लिहायची इथली प्राचीन लिपी. त्या शब्दाचा अर्थ अभ्यासक लावतात तो असा की काल रात्रीची बिअर फार झाली, आज डोकं ठणकतंय. पोथीच्या समासात ही टीप त्याने जुन्या लिपीत का लिहिली असावी? मठाधिपतीला वाचता येऊ नये म्हणून, दुसरं काय! :-)

(संगणकवाल्यांसाठी जाता जाता: ओघम आणि तो टायरोचा ⁊, दोन्ही १९९९ च्या युनिकोड आवृत्ती ३ मध्ये आले. ओघममध्ये 'मोकळी जागा' सुद्धा रेघ म्हणून दिसते, म्हणजे दिसणारी मोकळी जागा! अशा जागेपायी एखाद्या प्रोग्रॅमरचा दिवस वाया गेला नसेल तर नवल.)

ही टिपणं मठांत पडून राहिली हजार वर्षं. आयर्लंडमधली त्या काळची लिखाणं बहुतेक नष्ट झाली. जुन्या कथा वाचायला मिळतात त्या पुष्कळ नंतरच्या, बाराव्या शतकापासूनच्या प्रतींत, आणि त्यांत पुढच्या लेखकूंनी भाषा बदललेली. आठव्या-नवव्या शतकातली भाषा जशीच्या तशी राहिली ती परदेशी गेलेल्या पोथ्यांच्या समासात: वुर्झबर्ग, मिलान, सांक्ट गालेन. योहान कास्पर झोइस नावाच्या एका बव्हेरियन शिक्षकाने त्या ग्रंथालयांत जाऊन ती टिपणं उतरवून घेतली आणि १८५३ साली, तेही लॅटिनमध्ये, 'ग्रामातिका केल्तिका' छापलं. जुन्या आयरिशचं व्याकरण त्यातून उभं राहिलं. इकडे आयर्लंडात १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळाने दहा लाखांच्या आसपास माणसं मेली होती, तितकीच बोटीत बसून निघून गेली होती, आणि त्यांत आयरिश बोलणारेच जास्त होते. भाषा घरांतून जात होती त्याच सुमारास तिचं सगळ्यात जुनं रूप शाळकरी टिपणांतून परत मिळालं. ज्यांनी ती लिहिली त्यांना लॅटिनचा धडा पाठ करायचा होता, बस्स.

आता वर म्हटलं होतं ते माझं कारण. चांगली सात-आठ वर्षं मी माझी सगळी टिपणं एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत होतो. रंगीत, ठळक, चौकटी घातलेली, देखणी. एके दिवशी निरोप आला, सेवा बंद होत आहे, अमुक तारखेच्या आत आपला मजकूर उतरवून घ्या. उतरवला. जी फाइल मिळाली ती त्या सॉफ्टवेअरशिवाय कशातच उघडेना आणि सॉफ्टवेअर सुरू होताना कंपनीकडे परवानगी मागायला जाई. कंपनीचं दार बंद. त्यांत कामाची टिपणं होती त्यांचं मला फारसं काही वाटलं नाही. पण वडील गेले त्याच्या आधीच्या सुट्टीत मी त्यांच्याशी बसून गावाकडच्या गोष्टी उतरवल्या होत्या, कोण कोणाचा कोण, कुठलं शेत कसं गेलं, विहीर कोणी बांधली. ती चाळीसेक पानं गेली. तेव्हापासून साध्या मजकुराची फाइल आणि हाताने टाकलेले तारे. उद्या सगळी ॲप्स बुडाली तरी तारा ताराच दिसेल.

वडिलांनी त्या सुट्टीत एक पत्र्याची पेटीही दिली होती, ती सुदैवाने संगणकात नव्हती. आत पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद. घरात दोन पिढ्यांची समजूत की ओढ्यापलीकडच्या जमिनीचे मूळ कागद ते हेच. वाचता कोणालाच येत नव्हते. मोडीची तऱ्हा जाणकारांना माहीत आहे: आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग त्यांना लोंबकळत अक्षरं लिहीत जायचं, बोरू उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ एकच, विरामचिन्हं नाहीत, आणि शब्दांमध्ये जागा नाही. उत्तरेकडच्या महाजनी लिपीचा तो विनोद आहे ना, 'काकाजी अजमेर गये' हे घरच्यांनी 'काकाजी आज मर गये' वाचून रडारड केली, तशी वेळ इथेही यायची. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून एकाच दप्तरात वाढलेले होते तोवर सगळं सुरळीत चाललं, रोमच्या लॅटिनसारखं. आता मोडी वाचणारे मोजके आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कोट्यवधी.

गेल्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा पुण्यातल्या एका वयस्कर मोडी जाणकारांकडे कागदांच्या झेरॉक्स घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि वाचत वाचत शब्द तुटेल तिथे एक बारीक उभी रेघ मारत गेले. "तुम्ही नंतर घरी वाचाल तेव्हा सोपं जावं म्हणून," म्हणाले. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. मग एका रकमेपाशी थांबून समजावलं, "ही रेघ मात्र माझी नाही हो, मूळची आहे. ७।। म्हणजे साडेसात. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा." शेवटी मजकूर संपतो तिथे त्यांनी बोट ठेवलं. सरकारी पत्र असतं तर इथे मोर्तब असतं, छोटा शिक्का, त्याच्यापुढे कोणाला काही घुसडता येऊ नये म्हणून. आपलं शिक्कामोर्तब त्यातलंच.

आणि कागद जमिनीचा नव्हताच. पणजोबांनी साडेसात रुपये घेऊन एक दुभती म्हैस कोणाकडे तरी गहाण टाकली होती, तिचं ते खत. दोन पिढ्या जपून ठेवलेली म्हैस! भाऊ फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. ओढ्यापलीकडच्या जमिनीवरून चुलत्यांशी जे काही चाललं होतं त्यात हा कागद हुकमाचा एक्का म्हणून धरला होता. दुसऱ्या दिवशी त्याने वकिलाला फोन करून सांगितलं, आणि त्या रविवारी मी चुलत्यांच्या घरी चहाला जाऊन आलो. कितीतरी वर्षांनी.

डब्लिनला परतल्यावर मी ते खत टंकून ठेवलं, साध्या मजकुरात. शब्द तोडले आहेत, ओळी मूळच्या आहेत तशा ठेवल्या आहेत. जाणकारांनाही लागले नाहीत असे दोन शब्द आहेत, शाई उडालेली. तिथे मी जेरोमच्या चालीवर एकेक तारा घातला आहे. चुलत्यांना ती प्रत पाठवली. त्यांचं उत्तर आलं, पहिल्या ताऱ्याचं त्यांनाही काही सांगता येत नाही, पण 'म्हैस' या शब्दाच्या लगेच पुढे जो दुसरा तारा आहे तिथे बहुतेक म्हशीचं नाव असावं. त्यांच्या आईच्या तोंडी 'चंद्री'च्या दुधाची गोष्ट असायची. मी फाइलमध्ये 'चंद्री' लिहिलं आहे. तारा अजून काढलेला नाही.